चांगल्या वागणुकीची शिक्षा

किल्लीवाल्याला भोवली ती त्याच्या हाताची सफाई. बाजारातल्या सोनाराकडे चोरी झाली आणि कुलपावर साधा ओरखडाही सापडला नाही. "असं कुलूप उघडणारा कारागीर या भागात एकच आहे," सरकारी वकील गरजले, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात किल्लीवाल्याने चक्क मान डोलावली. बिचाऱ्याचं उभ्या जन्मात एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं! न्यायाधीशांनी ती मान पाहिली आणि चार वर्षं ठोकली.

अपीलही फेटाळलं गेलं. मग त्याच्या बायकोने शिलाई मशीन बाजूला ठेवून एक वकीलबाई गाठल्या. त्यांनी शोध घेतला, तेव्हा पोलिसांनी दडपलेली गोष्ट बाहेर आली. सोनाराच्या मेव्हण्याकडे दुसरी किल्ली होती! वकीलबाईंनी लगेच हेबियस कॉर्पसचा अर्ज केला.

"म्हणजे काय हो?" बायकोने विचारलं.

"कोर्ट तुरुंगाला दरडावतं, डांबलेल्या माणसाला समोर आणा आणि कुठल्या अधिकाराने डांबलंय ते सांगा. शिक्षाच लबाडीने मिळवली असेल, तर रद्द."

"चोर हे नाव पुसलं जाईल?"

"जाईल."

तिला तेवढंच हवं होतं. नवरा आज ना उद्या सुटणारच होता, पण चोर ठरलेल्या माणसाच्या हातात कुलूप कोण देणार?

इकडे कोर्टात तारखांवर तारखा पडत होत्या, आणि तिकडे तुरुंगातल्या गंजक्या कुलपांना किल्लीवाला म्हणजे देवच भेटला होता. त्याने एकेक कुलूप असं ठाकठीक केलं की तो अधीक्षकांच्या गळ्यातला ताईत झाला. त्यांनी खूश होऊन चांगल्या वागणुकीबद्दल त्याची शिक्षा कमी करवून घेतली आणि सुनावणीच्या आदल्याच आठवड्यात त्याला घरी पाठवलं. अधीक्षक माणूस मनाने फार चांगला, त्या चांगुलपणानेच तर घात केला.

"अर्जदार कुणाच्या ताब्यात आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"आता कुणाच्याच नाही," वकीलबाई चाचरत म्हणाल्या. "पण शिक्षेचा डाग..."

"ताब्यातच नाही, तर सोडायचं कुणाला? अर्ज निकाली."

किल्लीवाल्याने हात जोडले. "साहेब, मला परत आत टाका, पण माझं ऐका."

कोर्टात हशा पिकला. बायको मात्र रडली.

समोरच्या मावशींची एक किल्ली वर्षानुवर्षं याच्या घरी असायची. त्या दुसऱ्याच दिवशी आल्या. "पाहुणे येणारेत रे, किल्ली कमी पडतेय." त्याने मुकाट्याने काढून दिली. संध्याकाळी कुणीतरी नवखा कारागीर त्यांच्या दाराला नवं कुलूप बसवून गेला. किल्लीवाल्याने आपल्या दारातूनच पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"खांद्याचा धक्का दिला तरी उघडेल हे."

"मग सांगा ना त्यांना," बायको म्हणाली.

"मी सांगू? माझ्यावर विश्वास नाही म्हणून तर बदललं."

"आणि चोरी झाली तर?"

पोलिस पहिल्यांदा कुणाचं दार ठोठावतील, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याने स्टूल ओढलं आणि दारात बसला. तेव्हापासून मावशी कामाला गेल्या की तो दारातून हलत नाही.

परवा वकीलबाई येऊन गेल्या. "अहो, मोकळे झालात ना? जरा बाहेर पडा, कामधंदा शोधा."

"मावशी घरी आल्या की निघतो," तो समोरच्या दारावरची नजर न काढता म्हणाला.