चार नंबरचा खांब

मी सिव्हिल इंजिनिअर. असले अनुभव सांगणाऱ्यांची आजवर मी टरच उडवत आलोय, त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... तरी लिहितो.

शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला एका गावात पाण्याच्या उंच टाकीचं गनायटिंग चालू होतं. म्हणजे खराब काँक्रीट फोडून, जाळी बांधून, वर नळीने जोरात नवं काँक्रीट मारायचं. नळी धरायचे नाना - साठीचे, कमी बोलणारे. मारताना वाळू उडून परत येते. ती हवेच्या पाइपने सतत झाडावी लागते, नाहीतर सळयांमागे साचून आत पोकळी राहते. चार नंबरच्या खांबावरचा पाइपवाला घाईघाईत मीच दुसरीकडे पाठवला होता.

पाणी भरायच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, मी हातोडीने खांब ठोकून बघत होतो. चार नंबर खणखणीत वाजला. तेवढ्यात नाना शेजारी आले. खांबावर कमरेच्या उंचीला एका जागी बोट ठेवलं.

"साहेब, आठे पोकळ शे. फोडा."

माझं डोकं सणकलं. गाव महिनाभर टँकरवर, वरून रोज फोन... "नाना, कान गेले तुमचे," म्हणालो आणि जेवायला निघून गेलो.

सकाळी मोटार सुरू झाली. टाकीखाली बायका हंडे घेऊन बसलेल्या. मला चैन पडेना. नानांनी दाखवलेल्या जागी हातोडी मारली आणि आवाज आला - बद्द. मोटार बंद केली, बायकांना लांब पाठवलं, खांब फोडला. सळयांमागे घमेलंभर सुटी वाळू होती.

माफी मागायला नानांना फोन लावला. ते म्हणाले, "मी ते दोन रोजपाईन गावमाच शे, साहेब." मुलीच्या बाळंतपणासाठी दोन दिवसांपूर्वीच आपल्या गावी गेले होते. सुपरवायझरला विचारलं, तर म्हणे काल खांबापाशी तुम्ही एकटेच होता, फोनवर कोणाशी तरी भांडताय असं वाटलं.

मग कान गेले असं मी म्हणालो ते कोणाला?

नानांना त्याच फोनवर सगळं सांगितलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं -

"फोडं ना पण?"