पेशींना दिलेला ताण

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी पुण्यात पीएच.डी. करत होते, आणि माझं काम काय हे सांगितलं की गावाकडं, अंथुर्ण्यात, आई कपाळाला हात लावायची. हाडाच्या कॅन्सरच्या पेशी काचेच्या बशीत वाढवायच्या, त्यांना इन्सुलिन हा हार्मोन द्यायचा आणि त्यानं त्या जास्त साखर ओढतात का ते मोजायचं. "कॅन्सरला जेवाय घालतीस व्हय गं?" असं ती दर सुट्टीत विचारायची.

माझं दुखणं वेगळंच होतं. इन्सुलिन दिलेल्या पेशी आणि न दिलेल्या पेशी अगदी सारखीच साखर खायच्या. दीड वर्ष हेच. संक्रांतीच्या तोंडावर माझ्या मार्गदर्शक बाईंनी शांतपणे सांगितलं, की आणखी एकदा करून बघ, नाहीतर विषय बदलू. दीड वर्ष पाण्यात! मी चडफडतच एसटीत बसले.

घरी आले तर नवं दुखणं. आबांनी, माझ्या वडिलांनी, उसाच्या जागी डाळिंब लावलं होतं, आणि त्या झाडांची पानं गळालेली, जमीन भेगाळलेली. विहिरीला पाणी असताना आबा बांधावर निवांत तंबाखू मळत बसलेले. आमच्या घरात मेंढरांच्या तोंडी चारा पडल्याशिवाय माणसं ताटावर बसत नसत. मी लागलीच तोंड सोडलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"ताण दिलाय," ते म्हणाले. "रोज पानी पिनाऱ्या झाडाला पानी दिल्यालं कळतच न्हाय. आता सोडतो, मग बघ कसं फुलतंय."

मी गप्प झाले. गप्प बसणं माझ्या स्वभावातच नाही, म्हणून आईनं कपाळाला हात लावून ताप पाहिला.

त्याचं असं होतं. पेशींचं जेवण म्हणजे सीरम, रक्तातला पिवळसर द्रव, आणि त्यात इन्सुलिनसारखे हार्मोन आधीच असतात. प्रयोगाआधी सहा तास सीरम बंद, असं वहीत स्पष्ट लिहिलेलं. मी ते वाचून मनात म्हटलं होतं, ही शहरातली माणसं, चहासुद्धा अर्धा कप देतात! आणि दर वेळी गुपचूप थोडं सीरम घालत होते. एवढ्या कामाला जुंपायचं आणि उपाशी? मला बघवायचं नाही. दीड वर्ष मी पोट भरलेल्यांना वाढत होते.

पुण्यात परतल्यावर मी सहा तास हाताची घडी घालून बसले. जीव तुटत होता, पण घातलं नाही. मग इन्सुलिन दिलं, साखर दिली. मोजणीच्या यंत्रातून कागद बाहेर आला आणि मी बाईंना चक्क मिठीच मारली. इन्सुलिनवाल्या पेशींनी कितीतरी जास्त साखर ओढली होती. कारण ऐकून बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

तसाच गावातल्या दुकानात फोन लावला आणि आबांना बोलावून घेतलं. तीनदा सांगितलं, विषय वाचला, साखर ओढली, तुमच्या ताणामुळं ओढली. आनंदानं माझा आवाज चिरकत होता.

"ब्येस झालं," ते म्हणाले. "पर आता त्यांना जेवाय दिलंस का?"

मी फोन ठेवला आणि पळत जाऊन शिल्लक बशीतल्या पेशींना सीरम घातलं. मगच माझा डबा उघडला.