करीम मिस्त्रीचे तीन ठिपके

मालगुजारी गेली, पण नानासाहेबांचा ताठा काही गेला नाही. आपले पूर्वज भोसल्यांच्या फौजेत बंदूकधारी होते, हे ते नागपुरात भेटेल त्याला ऐकवत. घरात मात्र त्या पूर्वजांची साधी बारूददाणीसुद्धा नव्हती. म्हणून त्यांनी संग्रहालयातल्या एका जुन्या ठासणीच्या बंदुकीचं चित्र काढवून घेतलं आणि गडचिरोलीपलीकडच्या करीम मिस्त्रीकडे पाठवलं, अगदी तशीच घडवून द्या म्हणून. दिवाळीनंतर मिस्त्रीचा निरोप आला, तयार आहे, घेऊन जा. परवाना नानासाहेबांच्या खिशात आणि सामान त्यांच्या शाळासोबत्याच्या, म्हणजे माझ्या, डोक्यावर. फुकटचा प्रवास म्हणून मी निघालो. माझी लायकीही तेवढीच.

तिकडे जायची हौस असेल तर ऐकून ठेवा. नागपूरहून मूलपर्यंत छोट्या लाईनची गाडी आहे. ती दर स्टेशनावर अशी थांबते की सासुरवाशीण माहेरी आली आहे असं वाटावं. तिकीट तिसऱ्या वर्गाचंच काढा. आम्ही दुसऱ्या वर्गाचं काढलं आणि धूर तेवढाच खाल्ला. मूलला विश्रामगृहात ढेकणांनी आमचा यथास्थित समाचार घेतला. सकाळच्या मोटारीने सव्वा रुपयात वैनगंगेचा काठ गाठला. पुढे पूल नाही, डोंगा आहे. शिकारी टोपी घातलेले नानासाहेब डोंग्यात बसले आणि पैलतीर येईपर्यंत माझा दंड धरून होते. भोसल्यांची फौज नदी कशी ओलांडत असेल, हा प्रश्न मी गिळून टाकला.

गडचिरोलीला खानावळीत जाड्या तांदळाचा भात, लाखोळीचं वरण आणि जवसाची चटणी मिळाली. नानासाहेबांनी नाक मुरडलं आणि तीनदा भात मागून घेतला. तिथून धानोऱ्याच्या वाटेने रेंगी, म्हणजे दोन बैलांची हलकी गाडी. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल आणि मधूनमधून पिकलेलं धान. हाडं खिळखिळी होतात, पण धानाच्या त्या सोनेरी बांध्या, बांध घातलेले ते शेताचे तुकडे, बघताना माझ्यासारख्या तिरसटालाही गप्प बसावंसं वाटलं. नानासाहेबांना मात्र वाटेत एकही वाघ दिसला नाही याचा राग आला होता.

करीम मिस्त्री साठीचे, कोळशासारखे काळे आणि वाळलेले. अंगणात सोमाजी नावाचा शेतकरी आपली ठासणीची बंदूक दुरुस्तीला घेऊन बसला होता. धान उभं आहे आणि रानडुकरं रोज एक बांधी लोळवताहेत, म्हणून त्याला घाई होती. मिस्त्रींनी आमची बंदूक आणली. खरं सांगतो, देखणी होती. नानासाहेबांनी लगेच हात पुढे केला. "मुहूर्ताचा बार मी काढणार."

"नाई साहेब," मिस्त्री म्हणाले. "पहिला बार माह्याच खांद्यावरून जाते. मंगच मी निशाण ठोकतो. बापापासून असंच आहे."

मी मोठ्याने हसलो. म्हटलं, "मिस्त्री, आमच्याकडे आचारीसुद्धा पहिला घास स्वतः खात नाही!"

"भात कच्चा राह्यला तं पोट दुखते, भाऊ. नळी फुटली तं डोळा जाते."

नानासाहेबही हसले. सोमाजी तेवढा हसला नाही. मिस्त्रींनी बारूद भरली, ठासली, गाल दस्त्याला लावला आणि समोरच्या वारुळाचं टोक उडवलं. धूर विरल्यावर त्यांनी नळी बोटांनी चाचपून पाहिली आणि छिन्नी घेतली. तेवढ्यात नानासाहेब ओरडले, "ठोकू नका! खूण दिसली की ती जुनी वाटणार नाही."

"मंग ठेवून जा. फाळ करीन तिचे," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "निशाण नाई तं थे बंदूक माही नाई. उद्या काई झालं तं लोकं कोनाले इचारतीन?"

सोमाजीने आपली बंदूक पुढे केली. नळीच्या बुडाशी तीन ठिपके होते, झिजलेले. "हे यायच्या बापाचे," तो म्हणाला. "म्हनून त मी रात्री वावरातल्या माळ्यावर राखनीले हे छातीशी घेऊन बसतो."

नानासाहेबांनी खूण राहू देण्याचा शब्द दिला. तीन ठोके पडले. निरोप देताना मिस्त्री रेंगीपर्यंत आले. "एक आयका साहेब, थे कानशीनं घासू नोका. बारूद तिथीच बसते. नळी पातळ झाली तं माहा भरोसा नाई."

परतीच्या वाटेवर नानासाहेब म्हणाले, "अडाणी माणूस!" मी मान डोलावली. अजून एक जेवण त्यांच्या पदरचं बाकी होतं.

पुढच्या दसऱ्याला काटोल रोडवरच्या त्यांच्या संत्र्याच्या बागेत शस्त्रपूजा झाली. पन्नास पाहुणे, झेंडूच्या माळा आणि मधोमध ती बंदूक. "आमच्या खापरपणजोबांची," नानासाहेब सांगत होते. बारूद त्यांनी आधीच भरून घेतली होती. बंदूक माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "पहिला मान मित्राला!"

मी नळीचं बूड पाहिलं. ठिपक्यांच्या जागी गुळगुळीत, चकचकीत खोलगट डाग होता. अंगठा तिथे नेमका बसला.

"ही खापरपणजोबांची नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "ही करीम मिस्त्रींनी गेल्या वर्षी घडवली. त्यांची खूण यांनी घासून काढली आहे. घासलेल्या जागी नळी फुटते, असं मिस्त्रींनी बजावलं होतं." मग बंदूक नानासाहेबांपुढे धरली. "पूर्वजांची असेल, तर तुम्हीच उडवा."

नानासाहेबांनी बंदुकीकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं आणि त्यांना एकदम खांदा दुखत असल्याची आठवण झाली. आग्रह करूनही पन्नासांतला एकही पुढे आला नाही. बारूद काढून बंदूक भिंतीवर गेली ती अजून तिथेच आहे.

मला आता तिथे बोलावणं नसतं. त्याचं दुःख नाही. नानासाहेबांची आम्ही मित्रमंडळी अजून टवाळी करतो आणि ती त्यांना शोभतेही. पण एवढा सगळा प्रवास करून माझ्यापाशी उरलं ते वेगळंच. त्या अंगणात एका म्हाताऱ्याने परक्याच्या बंदुकीला आपला गाल लावला होता, आणि तेव्हा सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने मी हसलो होतो.