टाकेबाईची चार वाक्यं

हॉस्पिटलच्या तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीपलीकडे, एक लांबट खोली होती. तिथं एक बाई पायाच्या मशीनवर फाटक्या चादरी शिवत बसायची. वर डॉक्टर माणसांना टाके घालतात आणि खाली ही चादरींना, म्हणून सगळे तिला टाकेबाई म्हणत. चादर खिडकीच्या उजेडासमोर धरायची, विरलेली जागा शोधायची, ठिगळ लावायचं, घडी करून गठ्ठ्यावर टाकायची. बत्तीस वर्षं तिनं एवढंच केलं, आणि नीट केलं.

ती अडखळत बोलायची. ‘प’ आणि ‘म’ ही दोन अक्षरं तर तिची वैरीच होती. ती अडली की समोरचा माणूस मदत म्हणून तिचं वाक्य पुरं करून टाकी, आणि बहुतेक वेळा चुकीचं. तिला पडदे हवे असत, समोरचा ‘पट्टे’ म्हणून मोकळा होई, आणि ती मान हलवून पट्टे घेऊन येई. बोलण्यापेक्षा नको असलेले पट्टे घेणं सोपं होतं. हळूहळू तिनं बोलणंच सोडलं. शनिवारी दुपारी खोलीला कुलूप लावलं की सोमवारी सकाळपर्यंत तिच्या तोंडून स्वतःचा असा शब्द क्वचितच निघायचा. रविवारी उपासनेला जायची, मागच्या बाकावर बसायची. गाणी म्हणताना ती अडखळत नसे, पण बाहेर पडताना पाळकही तिची वाक्यं पुरी करून देत.

तिला लहानपणापासून वाढवलं ते मावशीनं. मावशी सुईण होती. तिच्याकडे पुस्तकं नव्हती, वाचायलाही येत नव्हतं. चार वाक्यं तेवढी होती. ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला. त्याला पुरलं. तिसऱ्या दिवशी तो उठला. आणि पुष्कळांनी त्याला डोळ्यांनी पाहिलं. ही वाक्यं मावशीला एका दवाखान्यातल्या स्वयंपाकिणीनं सांगितली होती. त्या स्वयंपाकिणीला कुणी सांगितली, ते मावशीला ठाऊक नव्हतं. शेवटच्या आजारात मावशीनं तिला जवळ बोलावलं आणि म्हणाली, “मला मिळालं तसं तुला दिलं. वर काही घातलं नाही, आतलं काही काढलं नाही. तूही कुणाला तरी देऊन जा.”

ती हो म्हणाली. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. चोपन्नाव्या वर्षापर्यंत तिनं ती वाक्यं कुणालाही दिली नाहीत. चूल पेटवताना, वेणी घालताना ती एकटीच म्हणायची, आणि एकटी असली की एकदाही अडखळायची नाही. माणूस समोर आला की मात्र पहिल्याच वाक्यात ‘प’ आणि ‘म’ शेजारी शेजारी उभे असायचे. देवानं निरोप द्यायला माणूसही काय निवडलं, असं तिला वाटे, आणि मग असं वाटल्याबद्दल वाईट वाटे.

एके दिवशी अँब्युलन्सचा ड्रायव्हर स्ट्रेचरचं फाटलेलं कांबळं घेऊन खाली आला. चाळिशीचा, धिप्पाड, वर सगळ्यांशी थट्टामस्करी करणारा माणूस. कांबळं शिवून होईपर्यंत तो स्टुलावर बसला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काही काम नसताना आला आणि तसाच बसला. मग रोजच येऊ लागला. ही बोलत नसे, तोही बोलत नसे. तिला आधी अवघडल्यासारखं झालं, नंतर बरं वाटू लागलं. त्याचा डबा उघडल्याचा आवाज झाला की ती मशीन थांबवून आपलाही डबा काढी.

पाचव्या आठवड्यात तो बोलला. मागच्या वर्षी एका घरून बोलावणं आलं होतं, छातीत दुखतंय म्हणून. तेव्हा हा चहा पीत बसला होता. आणखी एक कप झाला, गप्पा रंगल्या, वीस मिनिटं गेली. पोचला तेव्हा तो माणूस दारातल्या खुर्चीतच गेलेला होता. रस्ता बंद होता, असं यानं नोंदीत लिहिलं. चौकशीत सगळ्यांनी ते मानलं. मेलेल्या माणसाच्या बायकोनं तर, बिचारा केवढ्या गर्दीतून आला, म्हणून त्याला पाणी दिलं होतं.

“ते पाणी मी प्यायलो, बाई,” तो म्हणाला.

टाकेबाईनं हातातली चादर खाली ठेवली. आपण आता बोलणार आहोत हे तिला कळलं. “ख्रिस्त आपल्या,” एवढं सुरळीत निघालं. मग ‘प’ आला. तिचे ओठ मिटले ते उघडेचनात. मान ताठ झाली, डोळ्यांत पाणी आलं. आता हा काहीतरी बोलून वाक्य पुरं करील, अशी ती वाट पाहत होती. त्यानं ते केलं नाही. तो नुसता बसून राहिला, तिच्या तोंडाकडे बघत, जणू त्याला कुठंच जायचं नव्हतं. चार वाक्यं सांगायला तिला जेवणाची उरलेली सगळी सुट्टी लागली.

तिचं संपल्यावर तो म्हणाला, “म्हणजे दुसरा मेला आणि मी सुटलो? हे फारच सोपं झालं.”

यावर काय बोलायचं ते मावशीनं शिकवलं नव्हतं. एवढीच वाक्यं माझ्याजवळ आहेत, असं ती कसंबसं म्हणाली. डबा उचलून तो निघून गेला आणि दोन आठवडे फिरकला नाही. ती रोज स्टुलावरची धूळ पुसत होती. तेवीस वर्षांनी तोंड उघडलं आणि होता तो माणूसही घालवला, असं तिच्या मनानं घेतलं.

तो आला तो निरोप घ्यायला. त्या विधवा बाईंच्या घरी जाऊन त्यानं सगळं खरं सांगितलं होतं, आणि मग ऑफिसात जाऊन लिहूनही दिलं होतं. नोकरी गेली. बाईंनी त्याला घराबाहेर काढलं. पण दार लावण्याआधी त्यांनी विचारलं होतं, की वर्षभर गप्प बसलास, मग आताच का आलास? त्यानं टाकेबाईची चार वाक्यं जशी आठवली तशी सांगितली होती. नुसताच सुटलो असतो तर गेलो नसतो, तो म्हणाला. पण कुणीतरी माझं ओझं उचललंय हे डोक्यातून जाईना, मग निदान लपवणं तरी बंद करावं असं वाटलं. एवढं सांगून तो गेला. पुढं त्याचं काय झालं, कुठल्या गावी त्याला काम मिळालं, हे तिला कधीच कळलं नाही.

महिनाभरानं ती विधवा स्वतः तळघरात उतरली. शाळेत शिकवून निवृत्त झालेली, ताठ बाई. दारातच उभी राहून म्हणाली, “माझ्या नवऱ्याच्या मरणाची माफी तुम्ही परस्पर देऊन टाकलीत?”

टाकेबाई मशीनवरून उठून उभी राहिली. मी नाही दिली, असं तिला म्हणायचं होतं, पण ‘मी’च निघेना. बाई शिक्षिका होत्या. अडखळणारी मुलं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. त्यांनी तिचं वाक्य पुरं केलं नाही. मग स्टूल ओढून बसल्या. टाकेबाई कशीबशी म्हणाली, की माफी माझी नाही, मी फक्त ऐकलेलं सांगितलं.

“त्यानं मला चारही सांगितली. पहिलं मला नको,” शिक्षिका म्हणाल्या. “तिसरं सांगा. तो उठला हे आधी कुणी पाहिलं?”

“बायकांनी. त्या थडग्यावर गेल्या होत्या.”

“आणि त्यांचं कुणी ऐकलं?”

“नाही. बडबडतात म्हणाले.”

शिक्षिका हसल्या. नवरा गेल्यापासून बहुधा पहिल्यांदाच, कारण हसू मध्येच मोडलं आणि त्या रडू लागल्या. टाकेबाईनं त्यांना गठ्ठ्यातली एक धुतलेली चादर दिली. रुमाल तिच्याकडे नव्हता.

त्या आणखी तीनदा आल्या. दोघी फारसं बोलल्या नाहीत. मग मुलगी त्यांना आपल्या गावी घेऊन गेली. पुढच्या वर्षी हॉस्पिटलनं चादरी बाहेरून मागवायला सुरुवात केली, शिवणाची खोली बंद झाली, आणि मशीन उचलून नेताना टाकेबाई जिन्यावर उभी राहून बघत राहिली. निवृत्तीनंतरचे दिवस तिला फार लांब वाटले. सकाळी उठून ती तयार होई आणि मग आपण तयार कशासाठी झालो ते तिला आठवत नसे. भाजीवाल्याकडे बोट दाखवून भाजी घ्यायची, घरी यायचं, संपलं.

दोन वर्षांनी शिक्षिकांचं पत्र आलं. शेजारच्या एका बाईचा लहान मुलगा गेला होता. ती कुणाशी बोलत नव्हती, जेवत नव्हती. शिक्षिकांनी लिहिलं होतं, “मी तिच्याजवळ जाऊन बसले. काय बोलावं सुचेना, म्हणून तुमचं तिसरं वाक्य सांगितलं, आणि चौथं. ती म्हणाली, पुन्हा सांगा. पहिलं वाक्य अजून माझ्या तोंडून निघत नाही. त्या ड्रायव्हरचा चेहरा समोर येतो. तुम्ही रागावू नका.”

टाकेबाईनं ते पत्र खिडकीपाशी नेऊन उभ्यानंच दोनदा वाचलं. मग ती खाली बसली आणि उत्तर लिहायला घेतलं. लिहिताना कुठलंच अक्षर अडत नव्हतं. रागावले नाही, तिनं लिहिलं; त्या बाईला काय हवं नको ते बघा, ती जेवते का ते कळवा. पुढं बरंच काही लिहिलं, मशीन नेल्याचं, पायऱ्यांवर उभं राहिल्याचं, रविवारी मागच्या बाकावर एकटीच बसत असल्याचं. पानं चार झाली. शेवटी, तुम्ही यावं असं फार वाटतं, असं लिहून तिनं ते खोडलं, आणि थोडा वेळ थांबून पुन्हा लिहिलं.