मार्थाबाईचा रांजण कोण भरायचं?

नवऱ्याला नाही, लेकीला नाही, उपासनेत डोळे मिटून प्रभूलाही मी हे सरळ शब्दांत सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे — काहून, ते विचारू नका, मलाच नीट ठाऊक नाही. गोष्ट नाताळची आहे, आणि तिच्यात मी काही चांगली दिसत नाही.

आधी माझा स्वभाव सांगते. मी महाचौकस बाई. चिखल्याच्या आमच्या खाण कॉलनीत कोणाकडे पाहुणे आले, कोणाच्या घरात भांड्याला भांडं लागलं, सारं मला आधी कळतं. नवरा म्हणतो, "तू खदानीत पाह्यजे होती, खोदून खोदून काढलं असतं सारं." हसा खुशाल, मीही हसते.

तर आमची मंडळी लहान. टिनाच्या छपराची एक खोली, तेच आमचं चर्च. दर डिसेंबरच्या पहिल्या रविवारी उपासना संपली की पाळकसाहेब दाराशी उभे राहतात आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या कानात एक नाव सांगतात. त्या माणसासाठी महिनाभर काहीतरी चांगलं करायचं, पण त्याला कळू द्यायचं नाही. नाताळच्या दिवशी तो माणूस सगळ्यांसमोर विचारतो, "माझं नाव कोणाकडे होतं?" मग करणारा उभा राहतो. पाळकसाहेब म्हणतात, प्रभू गोठ्यात जन्मला तेव्हा गावाला पत्ता नव्हता, तुमचं चांगलं कामही तसंच गुपचूप जन्मू द्या.

त्या वर्षी माझ्या कानात नाव आलं — मार्थाबाई. माय वो! साऱ्या मंडळीत हीच मिळाली मला?

मार्थाबाई म्हणजे खाणकामगाराची विधवा म्हातारी. गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. नाकाडोंगरीच्या रस्त्याला, कॉलनीच्या बाहेर, मातीच्या घरात एकटी राहायची. मुलगा ट्रकवर ड्रायव्हर, तो गावातच भाड्याच्या खोलीत. त्यानं करडी गावच्या एका शेतकऱ्याची, हिंदू घरची मुलगी करून आणली, तेव्हा मार्थाबाईनं सुनेला सांगितलं होतं, "माह्या उंबरठ्याच्या आत पाय ठेवू नोको." आणि तो शब्द तिनं पाळला. नातू झाला तरी पाळला. आणि माझा राग? नाताळच्या गीतांच्या सरावात ती मला सगळ्यांदेखत म्हणाली होती, "सरोज, तू नुसतं तोंड हालव वो, आवाज नोको काढू." सगळे खो खो हसले. एवढंच. एवढ्यासाठी मी डिसेंबरभर तिच्या घराकडे फिरकले नाही.

पण गंमत ऐका. दुसऱ्याच आठवड्यात मार्थाबाई ज्याला त्याला सांगत सुटली — कोणीतरी भल्या पहाटे हापशीवरून पाणी आणून तिच्या दारापुढच्या छपरीतला रांजण भरून जातं. मग म्हणे लाकडं फोडून ठेवलेली. मग अंथरुणाखाली घालायला धानाच्या तणशीचा भारा, आणि एकदा तर शेतातून खुडलेली लाखोरीची कोवळी भाजी! मी चक्रावले. नाव माझ्याकडे, तर हे करून कोण राहिलं? पाळकसाहेबांनी चुकून दोघींना एकच नाव सांगितलं का? कॉलनीत शेत कोणाचं आहे, लाखोरी आणली कोठून? मला रात्रंदिवस तेच. तरी पहाटे उठून पाहायला काही मी गेले नाही. गेले असते तर दोन बादल्या आपणही उचलाव्या लागल्या असत्या ना — खरं सांगायला बसले आहे तर हेही सांगते.

नाताळ आला. गीतं झाली, केक वाटायचा होता, आणि मार्थाबाई काठीवर जोर देऊन उठली. ती बाई रडत होती — नवरा गेला तेव्हाही जिला मी रडताना पाहिलं नव्हतं! म्हणाली, "मी खूप जणाइले तोडून बोलली. तरी कोण आहे वो हे, माह्यासाठी एवढं करनारं? समोर ये. तू म्हनशीन ते मी आयकीन."

सगळे मागे वळून पाहू लागले. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ठाऊक होतं ना, नाव कोणाकडे होतं ते! प्रेमानं हसले ते माझ्याकडे बघून. आता बसून राहिले तर साऱ्यांना कळणार, की सरोजनं महिनाभर काही केलं नाही.

मी उभी राहिले.

टाळ्या पडल्या. मार्थाबाई काठी टाकून माझ्याकडे आली, माझा हात दोन्ही हातांत धरला, डोळ्यांना लावला, सोडेचना. त्याच वेळी दाराशी, चपलांच्या ढिगापाशी तोंडावर पदर ओढलेली एक बाई दिसली, कडेवर लेकरू. एक पाय तिनं आत टाकला होता. मला वाटलं, केकसाठी आली असेल. तिनं पाय मागे घेतला आणि ती गेली.

तुम्हाला कळलं ना? मला नाही कळलं तेव्हा. मोठी चौकस म्हणे!

नाताळ झाला तरी रांजण भरतच होता, आणि मार्थाबाई मलाच आशीर्वाद देत होती. शेवटी एका पहाटे राहवलं नाही. शाल गुंडाळून गेले. धुक्यातून कमरेवर एक, डोक्यावर एक पाण्यानं भरलेला गुंड घेऊन येत होती — रंजना. तिची सून. मला पाहून थांबली. मला वाटलं, आता ही माझी शोभा करणार. पण तिनं आधी सारं पाणी रांजणात ओतलं, अजिबात आवाज न करता, आणि मला बाजूला नेऊन म्हणाली, "काकू, नवऱ्यानं सांगतलं होतं तुमच्यातलं, गुपचूप कराचं अन् नाताळले सांगाचं. मनलं, तवा तरी त्या मले घरात घेतीन. आता मी सांगतलं तं त्याइले ढोंग वाटन. तुमी सांगा ना. तुमचं आयकतीन त्या."

चर्चच्या उपासनेला कधी न बसलेली ही पोरगी. नाताळ म्हणजे काय ते तिला कसं कळलं असेल? आम्ही जन्मभर गीतं गाणारे, आणि कळलं हिला! आणि माझ्यावर ती ओरडली काहून नाही? हे मी अजूनही स्वतःला विचारते.

मी म्हणाले, "सांगतो वो, या रविवारी सांगतो."

नाही सांगितलं. या रविवारी नाही, पुढच्याही नाही. कधी गर्दी आहे म्हणून, कधी म्हातारीची तब्येत बरी नाही म्हणून. खरं कारण वेगळंच होतं. बायकांच्या सभेत आता मला प्रार्थना करायला सांगत होते. मार्थाबाई माझ्या शेजारी बसायची, गाताना म्हणायची, "मोठ्यानं मन वो." मला ते गोड लागत होतं. रंजना वाटेत भेटली की नुसती पाहायची, आणि मी पदर सावरत पुढे निघायचे. पाणी ती भरतच होती.

उन्हाळ्यात मार्थाबाईनं खाट धरली. मी पेज घेऊन गेले होते — हो, ती मात्र मी स्वतः केली होती. माझ्याकडे टक लावून पाहत ती म्हणाली, "मले तुह्यासारखी सून पाह्यजे होती."

रंजना तेव्हा छपरीच्या खालीच होती. रांजणावरचं झाकण ठेवल्याचा आवाज मला ऐकू आला. एक हाक मारायची होती फक्त. एक वाक्य बोलायचं होतं. मी पेजेचा चमचा पुढे केला आणि म्हणाले, "बोलू नका, आराम करा."

दोन-चार दिवसांत मार्थाबाई गेली. सून उंबरठ्याच्या बाहेरच राहिली.

माती देऊन परतताना रंजना माझ्याबरोबर चालत होती. मी मान खाली घातलेली. बोल बाई, वाट्टेल ते बोल, असं मनात चाललेलं. कॉलनीचं वळण आलं तेव्हा तिनं विचारलं, "काकू, नाताळच्या दिवशी त्याइनं तुमचा हात धरला होता ना? कसा होता वो त्याईचा हात?"

काय सांगणार होते मी? खरबरीत होता, म्हणाले. गरम होता. थरथरत होता, आणि सोडवत नव्हता.

"हव का," ती म्हणाली. लेकराला कडेवर घेतलं आणि घरी गेली. पाणी भरणारीचा म्हणून तिच्या सासूनं माझा हात धरला होता; सासूचा हात कसा लागतो हे तिला माझ्याकडून ऐकावं लागलं.