शेवंताक्का आणि आत्याबाईंची डावी बाजू

शेवंताक्का गेल्याचं मला अफजलपूरच्या बाजारात कळलं. भाजी तशीच टाकून घरी आले... महिना होत आला, पण तिची आठवण निघाली की रडू येत नाही, हसूच येतं. एवढी तोंडाळ नर्स निजामाच्या मुलखात दुसरी झाली नसेल.

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, लकवा झाला तेव्हापासून ती आमच्याकडं यायला लागली. त्यांचं उजवं अंग गेलं होतं, वाचाही गेली होती. अक्का त्यांची कूस बदलायची, पाठ पुसायची, सुकलेल्या बोटांना तेल चोळायची. आम्ही त्यांच्या देखतच म्हणायचो, यांना काय कळतंय आता! एकदा ती खवळलीच. "बोलता येईना म्हून कळंना असं न्हाई. इचारा की त्यास्नी!" मग तिनंच शिकवलं... एकदा डोळे मिटले की हो, दोनदा मिटले की नाही. हे असले लाड करायला वेळ कुणाला, असं मी मनात म्हटलं. खोटं कशाला सांगू?

पुढं भीमेला पूर आला. भर दुपारी पाणी दारात आलं, गाडी जुंपली, अक्काही धावत आली. पण आत्याबाई डाव्या हातानं धरलेली चौकट सोडेनात. यजमान ओरडायला लागले, मी त्यांची बोटं सोडवायला गेले. अक्कानं मला सरळ ढकललं.

"कामून वरडायलाव?" असं यजमानांना म्हणून ती आत्याबाईंकडं वळली. "अव्वा, घरात काय ऱ्हायलंय का?"

डोळे एकदा मिटले.

"सामान?" दोनदा.

"माणूस?" एकदा.

मी जाऊबाईंकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं. माझी दोन वर्षांची लेक त्यांच्यापाशी आहे असं मी धरून चालले होते, आणि त्या माझ्यापाशी. लेक मागच्या खोलीत पोत्यांवर गाढ झोपली होती. खालचं पोतं भिजलं होतं.

माळावर पोचल्यावर मी तिला छातीशी धरून हमसून रडले. अक्का म्हणाली, "रड पोटभर, पर आधी पोर अव्वाजवळ दे. डाव्या अंगाला ठिव. तिकडनं कळतंय त्यास्नी."

आत्याबाई नंतर सहा वर्षं जगल्या आणि लेक त्यांच्या डाव्या कुशीतच वाढली. आता ती संसाराला लागली, तरी कुणाही आजारी माणसाजवळ गेली की न विचारता डाव्या बाजूला बसते. शेवटच्या दुखण्यात अक्काला बघायला आम्ही गेलो, तेव्हा तिच्याजवळही तशीच बसली.

"अगं, माझी दोनी अंगं धड हायत की," म्हणून अक्का हसली, आणि डावा हात तिच्या मांडीवर ठेवून पडून राहिली.