न पाहिलेला चेहरा

दर्यापुरात माझा दवाखाना आहे. त्या सकाळी बाकावर पेशंट दाटीवाटीनं बसले होते. ओळखीच्या घरातला एक माणूस घाईघाईनं आत आला. "वहिनी गेली, साहेब. तीन दिवस ताप होता. पाहुणे जमले, घाटावर डॉक्टरची चिठ्ठी मागून राहिले."

वहिनी म्हणजे त्याच्या भावाची बायको, सव्वीस वर्षांची. मी उठायला हवं होतं. तिचं घर चार गल्ल्या पलीकडे. पण तेव्हा आम्ही सगळेच डॉक्टर देह न पाहता, ओळखीवर मृत्यूची चिठ्ठी देत होतो. मी लिहिलं, 'हृदयक्रिया बंद पडून मृत्यू'. सही केली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

तिचे वडील अकोल्याहून एसटीनं निघाले होते. ते पोचले तोवर अग्नी दिला गेला होता.

तिसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. हातात माझ्या चिठ्ठीची झेरॉक्स.

"माह्या पोरीच्या दिलाले काईच नव्हतं, साहेब. तुमी पाह्यलं ना तिले?"

"हो," मी म्हणालो.

ते खुर्चीत पुढे सरकले. "मंग सांगा ना, चेहरा कसा होता? लय तरास झाला असंन का तिले? मले तं दिसलाच नाही."

मला वाटलं होतं, ते भांडायला आले आहेत. माझी मान खाली गेली. "काका, मी खोटं बोललो. मी गेलोच नव्हतो."

ते ओरडले नाहीत. कागदाची घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "कावून नाही गेले?" का नाही गेलो? बाहेर पेशंट होते, एवढंच मी सांगितलं.

मी पोलिसांना लेखी जबाब दिला. चौकशी झाली. सासरचे तापच सांगत राहिले. ते खरं असेल, नसेलही. तपासायला देहच उरला नव्हता. मला ताकीद मिळाली.

काकांनी नगरपालिकेत अर्ज दिला: डॉक्टरनं मयत स्वतः पाहिल्याशिवाय दहनाची परवानगी देऊ नये. त्याखाली मी सही केली. नगरपालिकेच्या बैठकीत माझेच सोबतीचे डॉक्टर चिडले. "घरोघरी जायला वेळ कोणाले हाय?" काका मागच्या बाकावर बसून होते. तिथूनच म्हणाले, "माह्या पोरीले दहा मिनिटं पाह्यजे होते."

चिठ्ठीचा नवा फॉर्म यायला दीड वर्ष लागलं. आता त्यात देह कुठे, किती वाजता पाहिला ते लिहावं लागतं. कारण कळत नसेल तर दहन थांबतं, देह सरकारी दवाखान्यात तपासणीला जातो. लोक कुरकुर करतात, कधी माझ्या अंगावर येतात. मी चादर बाजूला करतो, पूर्ण पाहतो, मगच लिहितो.

तिच्या मृत्यूच्या नोंदीतलं कारण बदलावं म्हणून मीच अर्ज केला. 'हृदयक्रिया' जाऊन तिथे 'कारण अज्ञात' आलं. तो कागद घेऊन मी अकोल्याला गेलो. काकांनी तो दोनदा वाचला.

"हे तरी खरं हाय," म्हणाले, आणि तोंडाला उपरणं लावून रडायला लागले. त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा मला धीर झाला नाही.